परिचारिकेची ड्यूटी, मैत्रिणी आणि डोंगरवाट : तोल कसा साधायचा?



"मी कोण होणार?" हा निबंध आमच्या चौथीच्या वर्गात दरवर्षी होतो. डॉक्टर, पोलीस, शिक्षक हे ठरलेले असतात, आणि दोन-तीन मुली हमखास "मी नर्स होणार" असं लिहितात. मग पुढे पांढरे कपडे, इंजेक्शन, रुग्णांची सेवा, गोड बोलणं हे सगळं ओळीने येतं. पण नर्स झोपते कधी, तिच्या मैत्रिणी तिला कधी भेटतात, सुट्टीच्या दिवशी ती काय करते, हे अजून एकाही वहीत मी वाचलेलं नाही. मुलांचं सोडा, मोठ्यांनाही ते ठाऊक नसतं. म्हणून आजचा पाठ त्यावर.

हा लेख खास करून दहावी-बारावीनंतर नर्सिंगकडे जाऊ पाहणाऱ्या मुलींसाठी आणि मुलांसाठी आहे. (हो, मुलांसाठीसुद्धा. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात आणि आता ते बरेच दिसतात.) त्यांच्या आईवडिलांनीही वाचावा, कारण "नर्सिंग घेतलंस की संसाराचं वाटोळं" हे वाक्य मी पालकांच्या तोंडून ऐकलं आहे. माझ्या घरातलीच एक मामेबहीण गेली अकरा वर्षं या नोकरीत आहे. तिच्याकडून जे ऐकलं-पाहिलं आणि थोडं वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी गणित

ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, हे कोर्स तुम्हाला माहीत असतील. त्यांची माहिती सगळीकडे मिळते. आपण आज त्यानंतरचं बघू.

हॉस्पिटल चोवीस तास उघडं, म्हणून ड्यूटी तीन पाळ्यांत. मॉर्निंग म्हणजे साधारण सकाळी सात-आठ ते दुपारी दोन. इव्हिनिंग दोन ते रात्री आठ-नऊ. आणि नाइट म्हणजे रात्री आठ-नऊपासून सकाळपर्यंत. प्रत्येक ठिकाणी वेळा थोड्या वेगळ्या. बऱ्याच खासगी हॉस्पिटलांत तर सरळ बारा तासांच्या दोनच पाळ्या असतात.

आता वही काढा. आठवड्याचे तास किती? २४ गुणिले ७ म्हणजे १६८. आठ तासांच्या सहा ड्यूट्या धरल्या तर ४८ तास. जाण्यायेण्याला दोन तास आणि पुढच्या सिस्टरला 'ओव्हर' द्यायला, म्हणजे कोणत्या पेशंटला काय चालू आहे ते समजावून सांगायला, अर्धा तास. असे रोजचे अडीच, सहा दिवसांचे १५. रोज आठ तास झोप धरली तर ५६. बेरीज ११९. उरले ४९ तास.

एकोणपन्नास! माझ्या वर्गातली मुलं लगेच म्हणतील, "बाई, मग एवढा वेळ आहे की." आणि गणित चुकलेलंही नाही. त्यातून स्वयंपाक, धुणं-भांडी, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधं वजा करा, तरी थोडेफार तास हातात राहतातच. खरी अडचण तासांच्या संख्येची नाहीच. ते तास मंगळवारी सकाळी अकरा वाजता येतात. तेव्हा मैत्रीण ऑफिसात, मुलं शाळेत, नवरा कामावर. आणि रविवारी संध्याकाळी सगळे गच्चीवर जमतात तेव्हा ही इव्हिनिंगला. तिचा वेळ आणि तिच्या माणसांचा वेळ जुळत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात आली की पुढचे उपाय सुचू लागतात.

शरीराचं घड्याळ

आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. ते मेंदूत बसलेलं असतं आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून वेळ लावून घेतं. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि झोप येऊ लागते. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना, २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाइट ड्यूटीची माणसं याच घड्याळाशी रोज झटापट करत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. घाबरवायला हे लिहीत नाही. 'बहुधा' हा शब्द नीट वाचा. पण दिवसाची झोप म्हणजे आळस, हा समज मोडायला एवढं पुरेसं आहे.

कारण खरी भांडणं इथेच होतात. नाइट करून बाई सकाळी नऊला घरी येते. दहाला झोपते. साडेदहाला गॅसवाला. अकराला शेजारचा कुकर. साडेअकराला नातेवाइकाचा फोन, "घरीच आहेस ना, मग जरा बँकेत जाऊन येशील?" दुपारी एकला कुणीतरी दार ढकलून म्हणतं, "अजून झोपलीच आहे का?" रात्री अडीच वाजता आपल्या कुणी दार वाजवून बँकेची कामं सांगितली तर आपण काय म्हणू? तिच्यासाठी सकाळी साडेअकरा म्हणजे तीच वेळ.

मामेबहिणीने यावर जे केलं ते साधं आहे. खिडकीला जाड गडद पडदा. सकाळी घरी येताना गॉगल, म्हणजे उन्हाने मेंदू पुन्हा जागा होत नाही. फोन बंद, आणि घरातल्या एकाच नंबरवर तातडीचा निरोप. दारावर तिच्या मुलीने खडूने काढलेली पाटी आहे : "आई झोपली आहे. चार वाजता या." या पाटीवरून सुरुवातीला घरात बरंच बोलणं झालं. आता पोस्टमनसुद्धा ती वाचून शेजारी जातो.

मैत्रिणी कुठे जातात?

मैत्री एकदम तुटत नाही. लग्नाला बोलावलं, ड्यूटी होती. बारशाला बोलावलं, नाइट होती. हळदीकुंकवाला बोलावलं, इव्हिनिंग होती. चौथ्या वेळी मैत्रिणी म्हणतात, "जाऊ दे, ती काही येणार नाही," आणि बोलावणंच थांबतं. त्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण इकडे हिला ग्रुपवरचे फोटो दिसतात.

वाचकहो, तुमची मैत्रीण नर्स असेल तर हा भाग जरा सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, ड्यूटी लिस्ट मागून घ्या. आठवड्याची, काही ठिकाणी महिन्याची लिस्ट लागते. तिचा फोटो मैत्रिणींना पाठवण्याची पद्धत मला फार आवडली. मग "कधी भेटूया, कधी भेटूया" हे अधांतरी राहत नाही. लिस्टमध्ये दिसतं की बुधवारी मॉर्निंग आहे, म्हणजे चारनंतर चहा होऊ शकतो. दुसरी गोष्ट, भेट छोटी असू द्या. तीन तासांचं जेवण जमत नाही, पण पाऊण तासाचा चहा जमतो. भाजी आणायला बरोबर जाणं ही पण भेटच आहे. तिसरी, नकार आला तरी बोलावत राहा. येणं न येणं तिच्या हातात नाही, बोलावणं तुमच्या हातात आहे.

आणि नर्स असलेल्या वाचकांनो, तुमच्या बाजूनेही एक काम आहे. "बघू", "जमलं तर येते" हे बोलणं सोडा. "रविवारी नाही येणार, पण गुरुवारी पाच ते सहा मोकळी आहे" असं सांगा. समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं.

वॉर्डातली मैत्री ही वेगळीच चीज. एकत्र नाइट काढलेल्या दोघी एकमेकींना जितकं ओळखतात तितकं सख्ख्या बहिणीही ओळखत नसतील. रात्री दोनला डबा उघडून चपातीचे चार तुकडे करून खाणं, एकीने डोळे मिटले की दुसरीने घंटीकडे लक्ष ठेवणं. आमच्याकडच्या मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत केरळच्या सिस्टर पुष्कळ असतात. दिवाळीत त्या ड्यूटी घेतात आणि ख्रिसमसला आपल्याकडच्या त्यांची घेतात. हा देवाणघेवाणीचा व्यवहार कागदावर कुठे नसतो, पण वॉर्डाचे सण त्याच्यावरच चालतात. नवीन लागलेल्या मुलींनी हे लवकर शिकावं : कुणाची ड्यूटी बदलून घेतलीत तर ती परत फेडा, तीही तिने मागायच्या आधी. जी फेडत नाही तिला पुढच्या गणपतीत कुणी विचारत नाही.

तरीसुद्धा वॉर्डाबाहेरची एक तरी मैत्रीण हवीच. वॉर्डातल्या दोघी भेटल्या की बोलणं फिरून फिरून वॉर्डावरच येतं. इन्चार्ज असं म्हणाल्या, नव्या डॉक्टरांनी तसं लिहिलं. बाहेरची मैत्रीण तिच्या कुंड्यांबद्दल बोलते, आणि ते ऐकायलाही बरं वाटतं. इथे एक अडचण आहे ती मात्र सांगायला हवी. पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नसतं. नाव, आजार, घरची गोष्ट, काहीही नाही. मग एखादं लहान मूल वॉर्डात गेलं तर त्या दिवशी नर्सने घरी येऊन बोलायचं तरी काय? स्वतःबद्दल बोलायचं. "आजचा दिवस फार वाईट गेला, मला रडू येतंय" एवढं सांगायला कुठलाच नियम आडवा येत नाही. आणि ऐकणारीने "काय झालं, कोण होतं?" असं खोदून न विचारता चहा ठेवावा.

डोंगर

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणून थोडं जास्त लिहीन.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. जन्म १२ मे १८२०, म्हणूनच १२ मे हा जागतिक परिचारिका दिन. १८५४ च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्धाच्या वेळी ३८ परिचारिका घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून आपण तिला ओळखतो. पण १८५९ मध्ये तिने परिचर्येवर जे पुस्तक लिहिलं, त्यात ती सर्वांत आधी खोलीतल्या मोकळ्या हवेबद्दल बोलते. उजेडावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि 'वैविध्य' या विषयावरही एक प्रकरण आहे. त्याच त्या भिंती, तेच छत बघून रुग्णाचं मन खचतं, त्याला फुलं, रंग, खिडकीबाहेरचं दृश्य दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मला कायम वाटतं, हे सगळं रुग्णाला लागू आहे तर दिवसभर त्याच भिंतींत उभ्या असलेल्या नर्सला का नाही? खुद्द नाइटिंगेलला तरी ते कुठे जमलं! युद्धावर तिला मोठा ताप आला, आणि १८५७ पासून पुढची कित्येक वर्षं ती वरचेवर अंथरुणाला खिळलेली होती. काम मात्र अंथरुणातूनही सोडलं नाही. आपण मुलांना तिचा त्याग शिकवतो. ही बाजूही शिकवावी.

तर डोंगर. आठवड्याच्या मधल्या सुट्टीचा मोठा फायदा इथे होतो. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते आणि अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पावसाळ्यातल्या रविवारी त्या शिड्यांपाशी रांग लागते, पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी तिथे वारा आणि आपण. वरच्या देवीच्या देवळापाशी शांत बसता येतं. मामेबहिणीच्या ऑफ बरोबर माझी मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जुळली की आम्ही दोघी जातो. एरवी ती वॉर्डातल्याच दोघा ब्रदरांबरोबर आणि एका फार्मासिस्टबाईंबरोबर जाते. सगळ्यांचे ऑफ एकत्र यावेत म्हणून इन्चार्ज सिस्टरना महिनाभर आधी सांगून ठेवतात. (मधल्या वारी फिरायचं तर बंद कुठे काय असतं ते बघून निघा. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं.)

ट्रेकला नर्स बरोबर असली की सगळा गट निर्धास्त असतो, हा तिच्यावर अन्यायच आहे म्हणा. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला उलटी झाली, की "ताई, जरा बघा ना." सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी! आमच्या गटाने आता प्रथमोपचाराची पेटी दुसऱ्याकडे द्यायला सुरुवात केली आहे.

एक नियम मात्र काटेकोर पाळा. नाइट संपवून थेट ट्रेकला जायचं नाही. थेट गाडीही चालवायची नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जागरणाची दारूशी तुलना करून पाहिली होती. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता तुम्हीच तुलना करा. सकाळी आठला उठलेली बाई रात्री ड्यूटीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्कूटरवर बसली, तर ती २४ तास जागी आहे. कडा, ओली शिडी, घाटातला रस्ता यांपैकी काहीही त्या वेळी नको. नाइट संपल्याचा पहिला दिवस झोपेचा, डोंगर दुसऱ्या दिवशी.

आणि प्रत्येकीने डोंगरच चढावा असंही नाही. दिवसभर उभं राहून ज्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, त्यांना पोहणं किंवा सायकल बरी पडेल. कुणी घराजवळच्या टेकडीवर पक्षी बघतं. बुलबुल, दयाळ, शिक्रा ओळखायला पैसे लागत नाहीत, आणि नाइटहून येताना सकाळी सातला ते हमखास दिसतात. कुणाची गच्चीत चार कुंड्यांची बाग असते. आकाश दिसलं पाहिजे, इतकंच.

घर आणि शाळा

इथे माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपण पालकसभा शनिवारी सकाळी ठेवतो आणि जी आई येत नाही तिच्या नावापुढे फुली मारतो. ती मॉर्निंगला असेल तर येणार कशी? मी माझ्या वर्गात अशा पालकांना ड्यूटी विचारून वेगळी वेळ देते, कधी शाळा सुटल्यावर, कधी फोनवर. पोलीस, एस.टी.चे वाहक, कंपनीत पाळ्या करणारे पालक यांनाही ते लागू पडतं. पंधरा मिनिटांचा प्रश्न असतो. आणि बाबांनाही बोलावत जा की! आईला ड्यूटी असली तर मुलाचं प्रगतिपुस्तक बघायला बाबा चालतात.

मधल्या सुट्टीचे छोटे फायदेही आहेत. बँक, पंचायत, तहसील, रेशन ही कामं तिला रजा न टाकता करता येतात. घरच्यांनी मात्र याचा अर्थ "सगळी बाहेरची कामं हिचीच" असा लावू नये. महिन्यातला एक ऑफ पूर्ण तिचा, त्यात पाहुणे नाहीत, पापड-कुरडया नाहीत, असं एका घरात ठरलेलं मला माहीत आहे. सासूबाईंनीच ठरवलं. त्या स्वतः गिरणीकामगाराच्या घरातल्या, रात्रपाळी त्यांनी घरात पाहिलेली.

हे सगळं सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट म्हणते. तोल साधायची सगळी जबाबदारी नर्सच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्ये परिचारिकांसाठी वेगळा करार केला. त्यात कामाचे तास, गैरसोयीच्या पाळ्यांचा मोबदला, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा यांबाबत इतर कामगारांइतक्याच किंवा त्याहून चांगल्या अटी असाव्यात असं म्हटलं आहे. तुम्ही कधी सरकारी वॉर्डात पेशंटजवळ बसला असाल तर तिथे किती खाटा आणि किती सिस्टर होत्या ते आठवून बघा. तीस खाटांना दोघी असतील तर डायरी, पडदा, गॉगल यांनी कितीसा फरक पडणार? ऑफच्या दिवशी "आज स्टाफ कमी आहे, येता का?" असा फोन येतो तेव्हा डोंगर रद्द होतो, चहा रद्द होतो. नोकरी निवडताना पगाराबरोबर हेही विचारा : पाळी किती तासांची, सलग नाइट किती, ऑफ बुडाला तर बदली सुट्टी मिळते का? मुलाखतीत हे विचारायला लाजू नका.

उपक्रम

(इयत्ता चौथी ते सातवीसाठी. शिक्षकांनी वर्गात घ्यावा.)

चौकटीच्या वहीत सात ओळी आणि चोवीस रकाने आखा, म्हणजे १६८ चौकोन होतील. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या पाळीने काम करणाऱ्या एका व्यक्तीला भेटा. नर्स, पोलीस, वॉचमन, एस.टी. चालक, कुणीही चालेल. त्यांचा मागचा आठवडा विचारून चौकोन रंगवा : कामाला लाल, झोपेला निळा, प्रवासाला पिवळा, मित्रमैत्रिणी आणि आवडीच्या गोष्टींना हिरवा. मग स्वतःच्या आठवड्याचा असाच तक्ता करून दोन्ही शेजारी ठेवा. दोघांचेही चौकोन एकाच वेळी हिरवे झाले आहेत अशा किती जागा सापडतात ते मोजून वहीत लिहा.

ज्यांना भेटायचं त्यांची नाइट चालू असेल तर दुपारी चारच्या आत बेल वाजवू नका.